वारीत पाय चेपायला येणाऱ्या नव्या मुलांना स्पर्श कसा शिकवावा?

रानजाई | २ जून, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. वारीवर इथे पूर्वी बरंच लिहून झालंय, पण माझा प्रश्न वेगळा आहे आणि हाताशी दिवस थोडे आहेत, म्हणून नवा धागा काढते.

माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम हलवते, दिवे घाट चढते आणि सासवडला येते. आळंदी ते पंढरपूर वाटेवरचा हा सगळ्यात लांब टप्पा, ३० किलोमीटरच्या घरातला, आणि त्यात घाट. सासवडला पोचलेल्या माणसाचे पाय पाहिले की विचारायला काही उरत नाही. आमचा १४ जणांचा गट तिथे रस्त्याकडेला ताडपत्री बांधून बसतो. यंदाचं नववं वर्ष. कोमट पाण्यात मीठ टाकायचं, पाय बुडवायचे, धुवायचे, पुसायचे, मग तेल लावून चेपून द्यायचे. एवढंच काम.

गेल्या वर्षीच्या दोन गोष्टी मनातून जात नाहीत. कॉलेजचा एक मुलगा आला होता, अतिशय मेहनती. व्हिडिओ पाहून मालिश शिकून आलेला. चार मिनिटांत एक माउली उरकायचा. त्याच्यापुढे बसलेल्या एका आजींनी मध्येच पाय मागे ओढले. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाळा, तुला घाई हाय." उठल्या आणि ओल्या पायांनी निघून गेल्या. मुलाला काय चुकलं ते कळेना. चुकलं तसं काहीच नव्हतं, तेल बरोबर, दाब बरोबर.

त्याच संध्याकाळी शेजारच्या घमेल्याशी एक मुलगी बसली होती. तिला मालिशचं ओ की ठो येत नव्हतं. तिने एका म्हातारीची टाच नुसती ओंजळीत धरली आणि तशीच बसून राहिली, बहुतेक पुढे काय करायचं ते आठवत नसावं. ती म्हातारी बसल्या जागी झोपी गेली. तिच्या मांडीवरचे टाळ घसरून खाली पडले तरी जागी झाली नाही.

यंदा ११ मुलं नवीन आहेत. दाब, तेल, पाणी हे शिकवता येईल. त्या मुलीच्या हातात जे होतं ते शिकवता येतं का? आणि येत असेल तर कसं? ज्यांनी रुग्णसेवा, वृद्धाश्रम, कुठल्याही प्रकारचं हात लावण्याचं काम केलंय, त्यांनी कृपया लिहा.

वाटसरू_७२ | २ जून, रात्री १०:३०

ताई, मी घमेल्याच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. जिंतूर तालुक्यातला आहे, १६ वाऱ्या झाल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पाय आपले राहत नाहीत. चालतात, पण आपले नसतात. एकदा सासवडच्या अलीकडेच एका पोराने माझे पाय धुतले. मालिश कशी केली ते आठवत नाही. पण पाय धुतल्यावर त्याने पंच्याने पुसले, आणि बोटांच्या मधली जागा एक एक करून पुसली. धाकट्या बोटापर्यंत. आई गेल्यानंतर माझे पाय कुणी पुसले नव्हते. मी ५८ वर्षांचा माणूस, टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

त्या पोराला बोलता येत नव्हतं की तो बोलला नाही, माहीत नाही. निघताना मी त्याच्या पाया पडलो, तो माझ्या पडला. वारीत हे असंच असतं.

मृण्मयी_सातारा | २ जून, रात्री १०:५१

वाटसरूदादा, वाचून घशात आलं.

कात्री_कंगवा | ३ जून, सकाळी ६:१५

आमचं सलून आहे. दरवर्षी आम्ही नाभिक समाजाची मुलं वाटेवर वारकऱ्यांची दाढी-कटिंग आणि डोक्याची, पायाची मालिश करतो. चर्मकार बांधव चपला शिवून देतात, आम्ही हे करतो. वडिलांच्या आधीपासून चालू आहे. ज्याच्या हातात जे आहे ते त्याने द्यायचं.

वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, त्या सांगतो.

एक, दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत. तेल घ्यायचं असेल तर एका हाताने घ्या, दुसरा माणसाच्या अंगावर राहू द्या. दोन्ही हात उचलले की माणूस डोळे उघडतो. त्याला वाटतं झालं, आता उठायचं. परत हात लावला की तो दचकतो. एक हात कायम टेकलेला असला की तो निर्धास्त राहतो. तुम्ही व्हिडिओवाल्या पोराचं सांगितलं ना, तो दर मिनिटाला दोन्ही हात उचलत असणार. नवशिके उचलतातच.

दुसरं, तेल आधी आपल्या तळव्यात चोळून गरम करायचं. बाटलीतून थेट पायावर ओतलं की पोटरी आखडते. आखडलेली पोटरी रगडली तर दुखणं वाढतं. घोट्यापासून गुडघ्याकडे जायचं, उलटं नाही. नडगीच्या हाडावर अंगठा दाबायचा नाही. खोबरेल चालतं, तिळाचं असेल तर उत्तम.

आणि पहिला हात ठेवल्यावर लगेच सुरू करायचं नाही. नुसता ठेवायचा. पाय जड झाला, म्हणजे त्या माणसाने पायाचा भार तुमच्या हातात सोडला, की मग सुरू करायचं. तुमच्या त्या मुलीला हे न शिकवता आलं. बाकीच्यांना सांगून येईल, का नाही येणार.

डॉ_पांगारा | ३ जून, दुपारी २:०५

कात्री_कंगवा यांनी लिहिलेला शेवटचा परिच्छेद आमच्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

मी सावधगिरीचं थोडं लिहितो, कारण प्रेमाने लावलेल्या हातानेही इजा होऊ शकते. फोड आलेला असेल तर फोडायचा नाही, त्यावर तेलही नको. बोटांच्या बेचक्यांत तेल नको, तिथे कोरडंच बरं. एकच पाय सुजलेला, गरम, लाल आणि पोटरीत दुखत असेल तर मालिश अजिबात करायची नाही. शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती पुढे सरकू शकते. अशा माणसाला थेट डॉक्टरांकडे न्या.

सगळ्यात महत्त्वाचा मधुमेह. पायाची जाणीव गेलेल्या माणसाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही. त्यामुळे पाणी वारकऱ्याच्या पायाने कधीच तपासू नका, आपलं कोपर बुडवून बघा.

आणि एक चाचणी मुलांना जरूर शिकवा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावातल्या डॉक्टरांनी ती बसवली आणि तिला लागतं फक्त आपलं बोट. माणसाला डोळे मिटायला सांगायचे. मग दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने हळूच स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद, पिसासारखा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, हलवायचं नाही. स्पर्श कळला की त्याने सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची जाणीव कमी झालीय असं समजून पुढे पाठवायचं. एका माणसाला एक मिनिट पुरतं. ज्या सेवेत तुम्ही पायाला हात लावणारच आहात, त्यात हा पहिला स्पर्श असू द्या.

निळी_पाटी | ३ जून, संध्याकाळी ७:४०

कुणाचं मन दुखवायचं नाही, पण मनापासून वाटतं ते लिहितो. वारीत लाखो माणसं चालतात. त्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी हवं, बायकांना शौचालयं हवीत, रात्री आडोसा हवा. १४ माणसांनी एका संध्याकाळी शे-दीडशे लोकांचे पाय चेपून काय फरक पडतो? तेवढ्याच वेळात आणि पैशात एक पाण्याचा टँकर उभा राहिला असता, हजार लोक प्यायले असते. सेवा मोजून करायला हवी असं माझं मत आहे.

रानजाई | ३ जून, रात्री ८:२२

निळी_पाटी, तुमचा मुद्दा खरा आहे. मी आधी चार वर्षं पाण्याच्याच गाडीवर होते. तिथे माणसं हात पुढे करतात, आपण पेला देतो, ती पुढे जातात. आवश्यक काम आहे, आजही आमच्यातले काही जण ते करतात.

पण पाण्याच्या गाडीवर मला एकाही बाईने सांगितलं नव्हतं की तिला चार महिन्यांपासून रक्तस्राव होतोय. घमेल्याशी बसलेल्या बाईने सांगितलं. पाय हातात असताना, मान खाली घालून, अगदी हळू. मी तिला तिथल्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. असं आठ वर्षांत किती वेळा झालं ते मोजलं नाही, पण दरवर्षी एक-दोनदा होतंच. नवऱ्याची दारू, मुलाचं तुटलेलं बोलणं, शेताचं कर्ज. पाय हातात असला की माणूस बोलतो. टँकर आणि घमेलं दोन्ही हवीत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

अनघा_मेंदूवाली | ४ जून, सकाळी ११:१०

रानजाईताई, तुमच्या त्या दोन मुलांच्या गोष्टीला शरीरशास्त्राचा आधार आहे, म्हणून लिहिते. मी याच विषयात शिकते.

आपल्या त्वचेत स्पर्शाच्या दोन वाटा असतात. एक वेगवान: काय लागलं, कुठे लागलं, खरखरीत की गुळगुळीत, हे ती तत्काळ सांगते. दुसरी संथ. सी-टॅक्टाइल नावाचे बारीक मज्जातंतू असतात, त्यांच्यातून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर इतक्या धिम्या गतीने जातो. लव असलेल्या त्वचेत ते असतात, तळहात-तळपायात जवळजवळ नसतात. त्यांचं वैशिष्ट्य असं की सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, अंगाच्या उबेइतक्या उबदार, हलक्या हातालाच ते नीट दाद देतात. सर्वांत जास्त ३ सेंटिमीटरच्या आसपास. त्याहून भराभर हात फिरवला तर त्यांची दाद ओसरते. आई बाळाच्या पाठीवरून न शिकता ज्या वेगाने हात फिरवते तो हाच वेग.

आता तुमच्या कामाचा हिशोब. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत साधारण ३६ सेंटिमीटर धरा. म्हणजे एकदा हात वर न्यायला १२ सेकंद लागले पाहिजेत. व्हिडिओ पाहून आलेला मुलगा ते दोन सेकंदांत करत असणार. स्नायूला मालिश मिळाली, पण दुसरी वाट बंदच राहिली. म्हणून तळव्याला दाबून घ्या, पण पोटरीवरून हात सावकाश न्या.

आणखी एक. २००६ साली अमेरिकेत जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांवर प्रयोग केला. विजेचा हलका झटका बसणार असं सांगून त्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं. कधी नवऱ्याचा हात धरायला दिला, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ सगळ्यात कमी झाली, हे ओघाने आलंच. पण अनोळखी हातानेही ती थोडी कमी झाली. नवऱ्याच्या हाताइतकी नाही, पण झाली. तुमची मुलं म्हणजे तो अनोळखी हात. मला हे फार मोठं वाटतं.

कात्री_कंगवा | ४ जून, दुपारी १:३०

१२ सेकंद मोजायला घड्याळ नको. "जय जय राम कृष्ण हरी" मनात सावकाश दोनदा म्हणा. आत्ता दुकानात करून बघितलं, बरोबर बसतंय.

अनघा_मेंदूवाली | ४ जून, दुपारी १:४४

मीही करून बघितलं. बसतंय!

चंद्रभागेची_वाळू | ४ जून, रात्री ११:२०

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

माझे आजोबा वारी करायचे तेव्हा त्यांना देवळात प्रवेश नव्हता. महाद्वारात नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे, तिथे डोकं टेकवून परत फिरायचे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात १० दिवस उपोषण केलं, त्यानंतर आमच्या माणसांना दार उघडलं. आजोबा त्या वर्षी आत गेले. विठोबाच्या पायावर डोकं ठेवता येतं, हे त्यांनी ऐकलं होतं, केलं पहिल्यांदा. ते आजीला सांगायचे की दगड गार असेल असं वाटलं होतं, पण इतक्या माणसांच्या हातांनी तो ऊबदार झाला होता.

आता माझ्या वडिलांची गोष्ट. काही वर्षांपूर्वी ते वारीत होते. वाटेतल्या एका गावात सेवेकऱ्यांनी त्यांना पाय धुवायला बसवलं. चांगली मुलं होती, हसून बोलत होती. गप्पा मारायच्या म्हणून एकाने विचारलं, "बाबा, आडनाव काय?" त्याच्या मनात काही नसेलही. वडिलांनी गावाचं नाव सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, "नाही, आडनाव?" वडील म्हणाले, पाय बरे आहेत माझे, आणि उठले. पुढचा टप्पा तसेच चालले.

ताई, तुमच्या मुलांना कृपा करून एवढं सांगा. गाव विचारा, दिंडी विचारा, किती वाऱ्या झाल्या विचारा. आडनाव विचारू नका. ज्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसाची सावली चुकवली गेली, तिथे कुणी खाली बसून आपले पाय हातात घेतो हे किती मोठं असतं, ते त्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल. आमच्या घरात ठाऊक आहे. तो प्रश्न विचारला की ते सगळं एका क्षणात जातं.

रानजाई | ४ जून, रात्री ११:५८

तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्याकडूनही हा प्रश्न विचारला गेला असेल, नकळत, आणि कुणीतरी असंच उठून गेलं असेल. मुलांना हे सगळ्यात आधी सांगेन. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

थांबा_जरा | ५ जून, दुपारी ४:००

मी नर्स आहे, उपशामक सेवेत, म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा रुग्णांच्या घरी जाऊन वेदना कमी करण्याचं काम. माझं काही शिक्षण केरळात झालं. कोझिकोडला १९९३ मध्ये हे काम सुरू झालं आणि पुढे तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते आपलं मानून उचललं. रिक्षावाले, शिक्षक, दुकानदार आठवड्यातून काही तास देतात. तिथे स्वयंसेवकांना सुईला हात लावू देत नाहीत. त्यांचं काम नखं कापणं, केस विंचरणं, अंग पुसणं, हात धरून बसणं. आणि मी पाहिलंय की रुग्ण डॉक्टरांपेक्षा त्यांची वाट जास्त बघतात.

आम्हाला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते तुम्हीही करून बघा. मुलांना जोडीने बसवा आणि आधी एकमेकांचे पाय धुवायला लावा. देणाऱ्याने एकदा घेणारा होऊन बघितलं पाहिजे. आपला घाणेरडा, भेगाळलेला पाय दुसऱ्याच्या हातात देताना जी लाज वाटते ती अनुभवल्याशिवाय घाई थांबत नाही.

दुसरं, विचारा. दरवेळी विचारा. "माउली, पाय धुऊ का?" आणि उत्तराची वाट बघा. तोंडाने हो म्हणतात पण पाय आक्रसलेले असतात, तेव्हा पायाचं ऐका. पुष्कळ बायकांना परक्या पुरुषाने पायाला हात लावलेला चालत नाही. मुली आणि मुलगे दोन्ही बाजूंना ठेवा, माउलीला निवडू द्या. काही जणींना कुणीच हात लावलेला नको असतो, नुसतं गरम पाणी हवं असतं. तेवढंच द्या आणि शेजारी बसा.

तिसरं, फोटो. पाय हातात असताना फोन बाहेर नको. दमलेल्या माणसाचे उघडे पाय ही खासगी गोष्ट आहे.

पाळण्याची_दोरी | ५ जून, संध्याकाळी ६:३०

थोडं विषयाबाहेरचं, पण स्पर्शाचंच. माझी नात दिवसांआधी झाली, १४०० ग्रॅमची. सून आजारी होती, म्हणून डॉक्टरांनी मला विचारलं, आजी, तुम्ही कांगारू कराल का? म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं, त्वचेला त्वचा. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. मी रोज सहा-सहा तास बसले. माझ्या श्वासाबरोबर तिचा श्वास लागायचा, ते छातीवर कळायचं.

नंतर तिथल्या सिस्टरनी सांगितलं की भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतात. म्हणजे एरवी दगावणाऱ्या चारातलं एक वाचतं. औषध नाही, यंत्र नाही. नात आता दुसरीत आहे. आता मी आठवड्यातून दोन दिवस त्याच वॉर्डात नव्या आयांना, आज्यांना कसं बसायचं ते दाखवायला जाते. निळी_पाटी, मोजून सेवा करा म्हणालात, म्हणून आकडा दिला.

निळी_पाटी | ५ जून, रात्री ९:०५

आजी, आकडा पोचला. आणि रानजाई, त्या बाईची गोष्ट वाचल्यापासून माझं मत पहिल्यासारखं राहिलेलं नाही. कोपराने पाणी बघायला आणि घमेली उचलायला माणूस लागत असेल तर मी सासवडला येतो.

वरोरा_रोड | ६ जून, सकाळी ७:५०

मी वैदर्भीय. कुष्ठरुग्णांच्या एका वसाहतीत महिन्यातून दोनदा जातो, पायांची निगा राखायला. आमच्याकडे या कामाची परंपरा मोठी आहे. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना स्वतःच्या हाताने मालिश करायचे, पुढे बाबा आमट्यांचं आनंदवन. तेव्हा आजची औषधं नव्हती. आज बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि सुरू केल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्ग होण्याचं थांबतं. तरी लोक हात लावत नाहीत.

आमचं काम साधं आहे. पाय २० मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, कडक झालेली कातडी दगडाने हळू घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं, जखम शोधायची. या लोकांच्या पायांना काही कळत नाही, चप्पल निसटली तरी कळत नाही.

सुरुवातीला मी मान खाली घालून पायच साफ करत राहायचो. एका बाबांनी मला विचारलं, "सुरू केलं का?" मी १० मिनिटांपासून करत होतो. त्यांना माझा हात लागतच नव्हता. त्यांच्या लेखी मी नुसता समोर वाकून बसलो होतो.

तेव्हापासून मी डावा हात त्यांच्या गुडघ्याच्या वर किंवा खांद्यावर ठेवतो, जिथे त्यांना कळतं तिथे. उजव्या हाताने काम. हात जिथे ठेवला तिथे तो पोचला की नाही, हे बघावं लागतं. मधुमेहाच्या माउलींसाठी तुमच्या मुलांना हे उपयोगी पडेल.

डॉ_पांगारा | ६ जून, सकाळी ८:३०

अगदी नेमकं. माझी चाचणी जिथे संपते तिथून तुमचं सुरू होतं.

रानजाई | १५ जून, रात्री १०:१५

आज मुलांचं शिबिर झालं. थांबा_जरा यांचं ऐकून जोड्या लावल्या आणि एकमेकांचे पाय धुवायला सांगितलं. आधी खूप हसली. मग एक मुलगा, चांगला उंचापुरा, पाय पुढे करेचना. त्याच्या टाचांना खोल भेगा होत्या, सकाळी पेपर टाकतो, पावसात रबरी चप्पल घालून हिंडतो. समोरच्या मुलीने काही न बोलता घमेलं त्याच्याकडे सरकवलं आणि थांबली. बराच वेळ थांबली. त्याने पाय घातल्यावर खोलीतलं हसणं आपोआप थांबलं.

मग "जय जय राम कृष्ण हरी" दोनदा. एक हात टेकलेला. आडनावाचं सांगितलं तेव्हा दोघांनी खाली बघितलं. फोन एका पिशवीत जमा करायचे ठरले, ते मुलांनीच सुचवलं. गेल्या वर्षीचा व्हिडिओवाला मुलगाही आला होता. त्याला मी बोलावलं नव्हतं, वाईट वाटून घेईल म्हणून. तो स्वतः आला.

रानजाई | २४ जून, रात्री १:२०

पालखी आता सकाळी जेजुरीकडे निघेल. हात तेलाने माखल्यासारखे वाटताहेत अजून, पण झोपायच्या आधी लिहून टाकते.

संध्याकाळी सातच्या सुमाराला एक आजी आल्या, परभणीकडच्या, डोक्यावर तुळस. "माह्या पायाला हात नको लावू लेकरा, पाप लागन मला," म्हणत म्हणत बसल्या. समोर तोच, गेल्या वर्षीचा मुलगा. त्याने विचारलं, वाट बघितली. त्यांनी मान हलवली. त्याने पाणी कोपराने पाहिलं, पाय धुतले, पुसले, बोटांच्या मध्येही पुसलं. मग म्हणाला, "माउली, डोळे मिटा. बोटाला हात लावला की सांगा." आणि उजव्या अंगठ्याच्या टोकाला बोट टेकवलं.

आजी डोळे मिटून बसल्या होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "लाव की."

त्याचं बोट अंगठ्यावरच होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मधलं बोट, करंगळी, दुसरा पाय, सगळीकडे केलं. सहापैकी एकाच ठिकाणी कळलं. मग त्याने हात वर नेला आणि पोटरीच्या वर, गुडघ्याखाली ठेवला. आजी लगेच म्हणाल्या, "हां, आता लागला. गरम हाय तुहा हात." तो हात त्याने तिथून हलवला नाही. डाव्या तळव्यावर टाचेपाशी एक बारीक काळा ठिपका होता. दुसऱ्या हाताने चप्पल उचलून बघितली तर तळातून खिळा वर आलेला. कधीपासून रुतत होता, त्यांना पत्ताच नाही.

डॉक्टरबाईंनी जखम साफ केली, साखर तपासली, खूपच वाढलेली होती. चप्पल निळी_पाटींनी जाऊन नवी आणली. ते दोन्ही दिवस आले होते, घमेली उचलायला म्हणून, आणि रात्री बारापर्यंत बसून पाय पुसत होते. मुलगा आजींना त्यांच्या राहुटीपर्यंत सोडून आला. तो म्हणाला, आजी वाटभर त्याचा हात धरून होत्या, आणि राहुटीशी पोचल्यावर सोडायचा विसरल्या.

आता काम आहे. जखमेचं ड्रेसिंग रोज बदलायला सांगितलंय. आजी थांबायला तयार नाहीत, चालणारच म्हणतात. दिंडीप्रमुखांना सांगितलंय, पण गर्दीत राहून जाईल अशी भीती वाटते. वाल्ह्याला आमचे एक जण आहेत, ते बघतील. २६ तारखेला मुक्काम लोणंदला आहे. तिथे कुणी ओळखीचं आहे का?

कात्री_कंगवा | २४ जून, पहाटे ५:४०

लोणंदला आमची पोरं २५ पासूनच बसताहेत, डॉक्टर शेजारच्याच मंडपात आहेत. दिंडीचा नंबर आणि आजींची खूण मला कळवा. चौघं आहेत, एकाला फक्त त्याच कामाला लावतो.